डिझेल इंजिनचं हेड: उघडण्याआधी आणि बसवताना पडणारे प्रश्न

देपालपूर-सांवेरकडे शेती असलेली, किंवा ज्यांची मालवाहू गाडी सतत मानपूरचा घाट चढते अशी इंदूरची मराठी घरं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. हेड म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारं सिलिंडरांचं झाकण; दोघांच्या मधे गॅस्केटचा पातळ थर असतो. उत्तरं ट्रॅक्टर, पंपसेट, जनरेटर आणि छोट्या-मध्यम गाड्यांची इंजिनं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. आकडे सर्वसाधारण आहेत. पाना हातात घ्याल तेव्हा आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच आकडा धरायचा.

मिस्त्री म्हणतो, "हेड गेलं." लगेच उघडू द्यायचं का?

आधी विचारा, कशावरून? पाणी कमी होतंय, पांढरा धूर येतोय, इंजिन गरम होतंय, ही तिन्ही लक्षणं हेड गॅस्केटची आहेत हे खरं. पण नव्या गाड्यांत ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा थोडा वायू गार करून परत इंजिनात पाठवणारा) आतून फुटला तरी पाणी सायलेन्सरच्या वाटेनं वाफ होऊन जातं. ऑइल कूलर फुटला तर रेडिएटरमध्ये तेल तरंगतं. ट्रॅक्टरमध्ये लायनरखालची (पिस्टन ज्यात चालतो त्या नळकांड्याखालची) रबरी रिंग गेली की पाणी थेट तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसतो. या तिन्ही ठिकाणी हेडचा काही दोष नसतो. हेड उघडलं, गॅस्केट बदललं, सगळं आवळलं आणि पाणी पुन्हा कमी व्हायला लागलं, अशी प्रकरणं बहुतेक इथूनच निघतात.

मग न उघडता खात्री कशी करायची?

थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडंच ठेवून सुरू करा आणि पाण्यावर नजर ठेवा. थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच, पहिल्या दोन-तीन मिनिटांत, सलग बुडबुडे यायला लागले तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, त्यांना धरून बसू नका.

दुसरी खूण होसची. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होस सकाळी इंजिन सुरू करताच दगडासारखा ताठ झाला तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरमधला आहे.

धुराचा वास घ्या. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर नोजल (डिझेलचा फवारा मारणारा इंजेक्टर), टायमिंग किंवा कमी कम्प्रेशनचा. पाण्याची वाफ डोळ्यांना झोंबत नाही, आणि कूलंट असेल तर गोडसर वास येतो.

यानंतर कम्प्रेशन गेज. डिझेलचं गेज वेगळं असतं, पेट्रोलचं लावलं तर काटा मोडेल. ग्लो प्लग किंवा नोजलच्या भोकातून ते जोडतात आणि डिझेल बंद करून स्टार्टर मारतात. धडधाकट इंजिनात साधारण २५ ते ३५ बार मिळतात. पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त सांगतो: तीन सिलिंडर २८ वर आणि एक २२ वर असेल तर काही तरी आहे. शेजारशेजारचे दोन सारखेच पडलेले असतील तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळाली असण्याची शक्यता मोठी.

मुळात हेड जातं कशानं? "क्वालिटीच खराब" असं ऐकतो.

बहुतेक वेळा उष्णतेनं, आणि उष्णता बहुतेक वेळा पाण्याच्या गोष्टींमुळे. माळव्यात याचा हंगामच आहे. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी चालते, ट्रॅक्टर एका जागी उभा राहून थ्रेशर फिरवतो, समोरून हवेचा झोत नाही, आणि पंखा भुसा ओढून रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसवतो. त्यावर काळ्या मातीची धूळ. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च मागच्या बाजूला धरा आणि पुढून बघा. उजेड आरपार येत नसेल तर हवाही जात नाही. जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारायचं. पुढून मारलं की भुसा आणखी आत जातो.

घाटात वेगळं घडतं. भेरूघाट किंवा मानपूर, भरलेली गाडी, खालचा गिअर, वेग कमी. काटा वर चढला की चालक घाबरून गाडी थांबवतो आणि चावी काढतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पाणी जागच्या जागी उभं, आणि सगळी उष्णता हेडमध्ये. पाणी शिल्लक असेल आणि होस फुटला नसेल तर दोन मिनिटं आयडलवर चालू द्या, मग बंद करा. पाणीच गेलं असेल तर मात्र तत्काळ बंद.

रेडिएटरच्या झाकणाला कुणी मोजत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, इथं उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर तेच पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर वाळलं, स्प्रिंग ढिली पडली, की हे वीस अंश हातचे गेले. एवढ्याशा झाकणापायी हेडचं काम निघतं.

विहिरीवरच्या पंपसेटची कथा निराळी. बऱ्याच ठिकाणी पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनातून फिरवून सोडून देतात. नळीत कचरा अडकतो, इंजिन तापतं, कुणी तरी काठीनं कचरा काढतो, आणि विहिरीचं गार पाणी तापलेल्या बिडाच्या हेडवर जातं. तडा जायला एवढं पुरे. नळी मोकळी करायच्या आधी इंजिन बंद करून निवू द्या.

इंजिन गरम असतानाच उघडलं तर वेळ वाचेल ना?

वाचेल, आणि हेड वाकेल. ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीनं प्रसरण पावतं. गरम हेडचे बोल्ट एकीकडून ढिले केले की दुसरीकडचे त्याला धरून ठेवतात. पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो रात्रभर. ढिलं करताना बाहेरच्या बोल्टांपासून सुरू करून मध्याकडे यायचं, तेही दोन-तीन फेऱ्यांत.

उघडताना काय सांभाळायचं?

पुशरॉड (कॅमची ढकल व्हॉल्व्हकडे नेणारे दांडे) ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं परत गेले पाहिजेत. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यावर आकडे लिहा आणि एकेक खोचत जा. व्हॉल्व्हचंही तेच; प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या सीटशी (तो टेकतो ती कडा) आणि गाईडशी (त्याची दांडी सरकते ती नळी) जुळलेला असतो. पुशरॉड काचेवर घरंगळवून बघा, वाकलेला असेल तर उडत जातो. नोजल काढल्या काढल्या टोकाला टोपी किंवा स्वच्छ प्लास्टिक.

जुनं गॅस्केट फेकू नका. इंजिनचं काय झालं ते त्यावर लिहिलेलं असतं: वायू निसटला तिथं काळा पट्टा, पाणी शिरलं तिथं गंज, आणि त्या सिलिंडरचा पिस्टन इतरांपेक्षा लख्ख धुतलेला दिसतो. मिस्त्रीला सांगून ठेवा, गॅस्केट मला बघायचंय.

हेडचं फेसिंग करावंच लागतं का?

नाही. फेसिंग म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करणं. आधी मोजायचं असतं, आणि या एका गोष्टीवर मी अडून बसतो. आपल्याकडे हेड निघालं की ते थेट टेम्पोत घालून मशीन शॉपला जातं, "एक हात मारून द्या" म्हणून. न मोजता.

मोजणं अवघड नाही. हेडचा खालचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीनं साफ करा. ॲल्युमिनियमवर गोल फिरणारी खरखरीत चकती चालवू नका, ती खड्डे पाडते आणि तिचा चुरा तेलातून थेट बेअरिंगात जातो. मग पोलादी सरळपट्टी उभी धरून ठेवायची: दोन लांबीत, दोन रुंदीत, दोन तिरप्या कर्णावर. मागे ट्यूबलाइट असली की फट डोळ्यांना दिसते. जिथं दिसते तिथं फिलर गेजची ०.०५ मि.मी.ची पत्ती सरकवून बघा. बऱ्याच छोट्या इंजिनांत एवढीच मर्यादा असते, मोठ्या हेडला पूर्ण लांबीत ०.१० पर्यंत चालते. पत्ती शिरत नसेल आणि पाण्याच्या भोकांभोवती गंजानं खाल्लेलं नसेल तर फेसिंग नको.

फेसिंग केल्यानं काय बिघडतं, हे विचारायला हवं. हेड पातळ झालं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, आणि डिझेलमध्ये तिथं मुळातच मिलिमीटरच्या आसपासचं अंतर असतं. नोजलचं टोक जास्त बाहेर येतं, फवारा पिस्टनच्या वाटीत जिथं पडायला हवा तिथं पडत नाही, आणि धूर येतो. म्हणून हेडची किमान उंची मॅन्युअलमध्ये दिलेली असते, आणि काही कंपन्या फेसिंगला सरळ मनाई करतात.

कॅमशाफ्ट हेडमध्येच असलेल्या इंजिनांत आणखी एक खोच आहे. हेड कमानीसारखं वाकलं तर खालचा भाग फेसिंगनं सपाट होतो, पण वरची कॅमची बेअरिंगं वाकडीच राहतात. कॅम हातानं मोकळा फिरतो का ते न बघता बसवलं तर काही दिवसांत कॅम जाम होतो.

आणि फिनिश. पोलादी थरांच्या गॅस्केटला, ज्याला दुकानदार एमएलएस म्हणतात, ०.८ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. जुन्या ट्रॅक्टरच्या कंपोझिट गॅस्केटला त्याहून थोडा खरखरीत चालतो. मशीन शॉपला हेड देताना कोणतं गॅस्केट बसणार आहे ते सांगा.

तडा आहे की नाही कसं कळतं? वेल्डिंग चालेल का?

तडे बहुतेक इनलेट आणि एक्झॉस्ट सीटच्या मधल्या अरुंद पुलावर पडतात. लाल रंगाचा डाय फवारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर मारला की केसाएवढी रेघ लाल होऊन उमटते. पण आतल्या पाण्याच्या वाटेतला तडा असा दिसत नाही. त्यासाठी भोकं बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून, हवेचा दाब देतात. गरम पाण्याचा आग्रह धरा, कारण काही तडे तापल्यावरच उघडतात.

बिडाचं वेल्डिंग हेड आधी नीट तापवून, मग सावकाश निववून केलं तरच टिकतं. रस्त्याकडेच्या शेडमध्ये थंड हेडवर मारलेला रॉड शेजारी नवा तडा काढतो. दोन सीटच्या मधे आरपार तडा असेल तर माझं मत नवीन हेडकडे झुकतं. काही मॅन्युअलांत बारीक, उथळ तड्यांना चालवून घेतलेलं आहे. तिथं लांबी मोजूनच ठरवा.

व्हॉल्व्ह घासून दिले म्हणतात. म्हणजे काम झालं?

गाईड बघितले का, हा पहिला प्रश्न. व्हॉल्व्ह सीटवरून सेंटिमीटरभर उचलून डावी-उजवी हलवा. हाताला ठळक खेळ लागला तर गाईड गेलेला आहे. नव्यात ही जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, साधारण ०.०३ ते ०.०६. ढिल्या गाईडमध्ये घासलेला व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो, मग कितीही पेस्ट लावा. क्रम असा: आधी गाईड, मग सीट कापणं, मग लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून घासणं.

सीटचा कोन बहुतेक ४५ अंश, काही जड इंजिनांत इनलेटला ३० अंश. लॅपिंगनंतर राखाडी पट्टा सलग, चहूबाजूंनी सारख्या रुंदीचा दिसायला हवा, दीड ते दोन मि.मी. पट्टा फार रुंद झाला तर दाब वाटला जातो आणि कार्बन अडकतो. फार अरुंद असेल तर व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि जळतो. तपासायला मऊ पेन्सिलीनं व्हॉल्व्हच्या पट्ट्यावर आडव्या रेघा मारा, व्हॉल्व्ह बसवून पाव वळसा द्या आणि काढा. एकही रेघ अखंड राहिली असेल तर तिथं तो सीटला टेकत नाही.

मग केरोसीन. व्हॉल्व्ह, स्प्रिंग, लॉक सगळं बसवल्यावर हेड आडवं करून पोर्टांत केरोसीन ओता आणि ज्वलनाच्या बाजूनं व्हॉल्व्हच्या कडेवर बोट फिरवा. पाच-दहा मिनिटं कोरडं राहिलं तर ठीक. पाझर आला तर त्याच वेळी परत खोला. इंजिनावर चढल्यावर हीच गोष्ट अख्खा दिवस खाते.

व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून किती आत बसलाय तेही डेप्थ गेजनं मोजा. सीट वारंवार कापल्यानं व्हॉल्व्ह आत-आत जातो, कम्प्रेशन उतरतं आणि सकाळी इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं. मर्यादा ओलांडली असेल तर नवीन सीट रिंग.

लॅपिंगची पेस्ट शेवटच्या कणापर्यंत धुवायची. ती कानस आहे, तेलात गेली की बेअरिंगच घासेल.

स्प्रिंगचे लॉक नीट बसले की नाही?

लॉक (कॉटर) बसवताना थोडं ग्रीस लावा म्हणजे ते खाली पडत नाहीत. सगळे बसल्यावर हेडखाली लाकडी ठोकळे ठेवून प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीनं एकेक हलका ठोका द्या, चष्मा घालून. अर्धवट बसलेला लॉक इथंच उडतो. चालत्या इंजिनात उडाला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर पडतो.

दुकानात एकाच मॉडेलची तीन गॅस्केटं दाखवली. कोणतं घ्यायचं?

काठावरची भोकं किंवा खाचा मोजा. त्या जाडी सांगतात. बऱ्याच डिझेल इंजिनांत पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या थोडा वर येतो. किती वर, ते डायल गेजनं प्रत्येक पिस्टनवर मोजायचं, पिनच्या रेषेवर, म्हणजे पिस्टन डुलल्यामुळे चूक होत नाही. सगळ्यांत जास्त आलेला आकडा मॅन्युअलच्या तक्त्यात लावून गॅस्केट ठरतं. ब्लॉक किंवा पिस्टनला हात लागला नसेल तर जुन्या गॅस्केटवर जेवढ्या खाचा तेवढ्याच नव्यावर. इंदूरच्या सियागंज बाजारात "सगळ्यांना हेच बसतं" असं ऐकू आलं तर पुढच्या दुकानात चला.

ट्रॅक्टरमध्ये गॅस्केट वारंवार त्याच सिलिंडरला जातं.

लायनर बघा. ओल्या लायनरची (ज्याच्या बाहेरून थेट पाणी फिरतं) कडा ब्लॉकच्या वर किंचित यायला हवी, बऱ्याच इंजिनांत ०.०३ ते ०.१० मि.मी.च्या आसपास, आणि सगळ्या लायनरांची जवळपास सारखी. एखादा खाली बसला असेल तर गॅस्केट तिथं दाबलंच जात नाही. यावर हेडमध्ये काहीही करून उपयोग नाही. लायनरच्या बुडाची जागा साफ करून, लागली तर शिम (पातळ रिंग) देऊन उंची आणावी लागते.

जुने हेड बोल्ट परत वापरायचे का?

"अमुक न्यूटन मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश" असं मॅन्युअल सांगत असेल तर ते ताणले जाणारे बोल्ट आहेत. त्यांतले बहुतेक एकदाच वापरायचे असतात. काहींची लांबी मोजून ठरवता येतं. जुन्या ट्रॅक्टरचे जाड स्टड पुन्हा चालतात, आटे शाबूत असले तर.

टॉर्क पाना नसला तर हाताच्या अंदाजानं चालेल?

चालणार नाही. टॉर्क पान्यावरही पूर्ण विसंबता येत नाही: आपण लावलेल्या जोरापैकी जवळपास ९० टक्के आटे आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला उरतात फक्त दहा. आट्यांत गंज असेल तर पाना "कट" म्हणतो आणि बोल्ट ढिलाच असतो. आटे ब्रशनं साफ करा आणि मॅन्युअल सांगेल तसं तेल लावा किंवा कोरडे ठेवा.

ब्लॉकमधली बंद बुडाची भोकं हवेनं उडवून कोरडी करा. तळाशी पाणी किंवा तेल राहिलं तर बोल्ट खाली जाताना त्यावर दाब येतो, पण द्रव दबत नाही म्हणून ब्लॉक चिरतो. हे ऐकायला अतिशयोक्त वाटतं, पण चिरलेले ब्लॉक असतात.

आवळताना मधल्या जोडीपासून बाहेरच्या टोकांकडे, तीन-चार फेऱ्यांत. कॅम हेडमध्ये असेल तर हेड ठेवायच्या आधी क्रँक फिरवून सगळे पिस्टन मध्यावर आणा, म्हणजे उघडा व्हॉल्व्ह कुणाला लागणार नाही.

गॅस्केटला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलं तर जास्त टिकेल?

लावू नका. गॅस्केटवर स्वतःचा लेप असतो. मॅन्युअल टायमिंग कव्हरच्या सांध्याला एक ठिपका सांगत असेल तर तेवढाच. बाहेर आलेलं सिलिकॉन तेलाच्या भोकात जाऊन रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्या) कोरडे ठेवतं.

नोजल बसवताना?

खाली नवीन तांब्याचा वॉशर, आणि जुना भोकात चिकटून राहिला नाही याची टॉर्चनं खात्री. दोन वॉशर बसले की नोजल वर राहते. कॉमन रेलमध्ये दाब हजार-दीड हजार बारांच्याही वर जातो. चालू इंजिनात पाइपचा नट ढिला करून "मिस कोणता" (कोणता सिलिंडर पेटत नाही) ते बघायची जुनी सवय इथं जीवघेणी आहे, तो फवारा कातडीतून आत शिरतो. अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) असतो, म्हणून इंजेक्टर आपापल्याच सिलिंडरवर परत.

टॅपेट कसे सेट करायचे?

टॅपेट सेट करणं म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामधली फट (गॅप) जुळवणं. चार सिलिंडर, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर दोन वेळांत काम होतं. पहिला सिलिंडर कम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यांत वर) आणा, म्हणजे चौथ्याचे दोन्ही रॉकर डुलत असतील. आता पहिल्याचे दोन्ही, दुसऱ्याचा इनलेट, तिसऱ्याचा एक्झॉस्ट सेट करा. क्रँकला पूर्ण एक फेरा द्या; आता चौथ्याचे दोन्ही, तिसऱ्याचा इनलेट, दुसऱ्याचा एक्झॉस्ट. गॅप बहुतेकांत ०.२० ते ०.४५ मि.मी.च्या दरम्यान, एक्झॉस्टचा सहसा जास्त. पत्ती ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखी हलकी अडली पाहिजे. थोडा आवाज करणारा टॅपेट परवडला, पण फार घट्ट नको. घट्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर? पुन्हा आवळायचं का?

डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग हवा काढा, सुरू करा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आयडलवर ठेवा, पाणी उतरेल तसं भरा. पुन्हा आवळणं गॅस्केटवर ठरतं: जुन्या कंपोझिट गॅस्केटला मॅन्युअल सांगेल तसं एकदा आवळून टॅपेट परत बघायचे, एमएलएस आणि ताणणाऱ्या बोल्टांना पुन्हा हात लावायचा नाही.

इंदुरात बर्फ कुठं पडतो? कूलंट कशाला, बोअरचं पाणी आहे की.

गोठण्याची भीती इथं नाहीच. कूलंट हवं ते त्यातल्या गंजरोधकासाठी. बोअरचं पाणी जड असतं, त्याचा पांढरा थर हेडच्या वाटांत, नेमका एक्झॉस्टच्या बाजूला बसतो आणि उष्णता अडवतो. शहरात १९७८ पासून येणारं नर्मदेचं पाणी भरलं तरी गंज काही थांबत नाही. ओल्या लायनरच्या बाहेरून तर बारीक खड्डे पडत जातात. लायनर थरथरतो, बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंड टोचत राहतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, आणि बाटलीवर लिहिलेल्या मुदतीत बदल. "लीक स्टॉप" पावडर मात्र घालू नका, ती रेडिएटरच्या बारीक नळ्याच आधी बंद करते.

नवीन हेड घ्यावं की जुनंच दुरुस्त करावं?

तडा नाही, उंची मर्यादेत आहे, कॅम मोकळा फिरतोय, तर जुनंच. सीट, गाईड, फेसिंग, वेल्डिंग या सगळ्यांची बेरीज नव्याच्या निम्म्यावर गेली तर माझा कौल नव्याला. भंगारातून आणलेलं "चालू" हेड घ्यायचं असेल तर पैसे द्यायच्या आधी दाबाची तपासणी दुकानदाराच्या समोर करून घ्या, आणि बिलावर हेडची मोजलेली उंची लिहून मागा. लिहून द्यायला तयार नसेल तर ते हेड आधीच बरंच घासलेलं असणार.